उलाळ

खोकं आलं नागपूरच्या बसने, ड्रायव्हरच्या सीटखालून,
दोन दिवसांच्या उसनवारीवर.
सोमवारी परत द्यायचं, ओरखडा न पडता.
आत फोमच्या गादीत दोन सेन्सर
चिंचोक्याहून थोडे मोठे,
आणि घडी पडून पडून मऊ झालेला इंग्रजी कागद.

परतवाड्याच्या आमच्या दुकानात
पंक्चर, छर्रे, चेन,
शाळा उघडली की घंट्या.
सोनकली बेठेकरची सायकल तेवढी वेगळी,
पुढे एकशेचाळीस मिलिमीटरचा फोर्क, मागे शॉक,
शर्यतीत जिंकून आणलेली.

आधी नळी पुसली. स्पिरिटने, मग बनियनच्या चिंधीने.
मोथ्याची लाल धूळ आणि आमच्या रस्त्याची काळी
एकाच चिंधीवर.
क्लॅम्प आवळताना श्वास धरावा लागतो,
जास्त पिळलं की नळीवर चरा,
कमी पिळलं की पहिल्याच दगडाला घरंगळणार.
मागचा बसेचना.
शॉकच्या बाजूला बोटभर जागा, तीही तिरपी.
उमेद समोरच्या वायरमनकडे झिप-टाय मागायला गेला,
चार मागितले, दोन मिळाले.
"बाकीचे पैसे देऊन नेजो."

मग सॅग.
"साग?" सोनकली म्हणाली. "सागवान?"
नाही गं, सॅग. तू नुसती बसलीस
की सायकल किती बसते, ते.
ती हेल्मेट घालून, पाठीवर पाणी घेऊन
भिंतीला कोपर टेकून पेडलवर उभी राहिली.
बाकावरचे दोघे चहा प्यायचे थांबले.
तीस टक्के. बरोबर.

तीन वेळा ती मोथ्याहून गुरांच्या वाटेने उतरली,
सागाच्या वाळक्या पानांवरून,
मी खाली संत्र्याच्या बागेच्या कुंपणापाशी
फोन हातात धरून.
पडद्यावर दोन रेघा, निळी आणि नारिंगी.
मागची रेघ प्रत्येक धक्क्याला तळ गाठत होती.
पुढची अर्ध्यात यायची आणि परतायची.
शेवटचे चाळीस मिलिमीटर तिने वापरलेच नव्हते.
यंत्र म्हणालं, फोर्क कडक आहे, हवा काढा.

पंप काढला. लावला नाही.

माझा बाप बंड्या बांधायचा.
भरलेल्या बंडीचं जू दोन बोटांनी उचलून सांगायचा,
धुरजड हाय, नाहीतर उलाळ.
धुरजड बंडी बैलाची मान खाते.
उलाळ झाली की जू वर जातं,
जोतं गळ्याला काचतं,
बैल बिचारा खोकत चढतो.
आकडा कधी सांगितला नाही त्याने,
बोटं मात्र चुकली नाहीत.

"तू मागं बसतेस," मी म्हणालो. "उलाळ."
ती हातमोज्याची चिकटपट्टी
उघडत, लावत राहिली.
"पळसाच्या वळणापासून. पाय, इथून."
मी रेघेवर बोट ठेवलं.
"मले मालूम हाय," ती म्हणाली.
"हासळी मोडली होती नं तिथं. गेल्या पौषात."
मग बराच वेळ
बागेतल्या पंपाचाच आवाज.

फोर्कला हात लावला नाही.
मागचा रिबाउंड दोन क्लिक आवळला,
तेवढंच, काहीतरी केल्यासारखं.

चौथ्या वेळी पुढचा सेन्सर
नाल्यातल्या गोट्यांत कुठेतरी उडाला.
उमेद आणि मी अंधार पडेपर्यंत वाकून शोधत होतो,
सोमवारचा विचार करत,
नागपूरला काय सांगावं.
रेघ पळसाच्या अलीकडेच तुटली होती.
पुढचं यंत्राला माहीत नाही.

सोनकलीने टॉर्च मारला तो नाल्यात नाही,
फोर्कवर.
नळीवरचं रबरी कडं वर सरकलं होतं,
जिथली धूळ कधी पुसली गेली नव्हती
तिथे बोटभर चकचकीत.
"मोज," ती म्हणाली.
पट्टी दुकानात होती.
मी दोन बोटं लावली.